उत्तरेचे दार

त्या वारुळात चाळीस पावसाळे युद्ध झाले नव्हते. कोठारे भरलेली असत, आणि भूक म्हणजे काय हे पिलांना समजावून सांगावे लागे. वारुळाला दोन दारे होती. सगळी ये-जा दक्षिणेच्या दाराने चाले. उत्तरेचे दार बंद असे, कारण तिथे कवाडतात्या होते.

तात्या म्हणजे रुंद कपाळाचा एक मुंगळा. शेवटच्या लढाईत तांबड्या मुंग्यांच्या फौजेने उत्तरेचे दार फोडले, राखणदार एकामागून एक पडले, तेव्हा या तरुण शिपायाने आपले डोके त्या भोकात घातले आणि पाय मातीत रोवले. डोके नेमके बसले. लढाई थांबली, विजयाचे नगारे वाजले, तेव्हाच्या पंचांनी त्याला सन्मानाने बाहेर बोलावले. तो मान न वळवता म्हणाला, "थोडं राहू द्या. दार अजून नीट बसलेलं नाही." ते थोडे चाळीस पावसाळे चालले.

गाव म्हणजे काय, ते कशाच्याही भोवती वसते. उत्तरेचा तो बोळ कोरडा आणि उबदार होता, म्हणून सगळे आपापली पिले तिथे ठेवू लागले. पिले तात्यांच्या पाठीवर चढत, घसरत, तिथेच झोपी जात. भांडण झाले की दोन्ही पक्ष त्यांच्या मागे येऊन उभे राहत, आणि ते मान न वळवताच दोघांचे ऐकून निवाडा देत. कुणाच्या घरी पहिले अंडे उबले, कोण परतीच्या वाटेवर हरवले, सगळे त्यांना ठाऊक. त्यांचे तोंड मात्र कुणी पाहिलेले नव्हते. साऱ्या वारुळाची त्यांच्याशी ओळख ती पाठीची.

अशा ओळखीला किंमत ती किती! गरज सरो नि वैद्य मरो ही रीत मुंग्यांतही आहे. नव्या पिढीतले कुणीकुणी म्हणत, "आयत्या बिळावर नागोबा! लढाई कधीच संपली, म्हातारा अजून बसून खातोय." तात्यांना ते ऐकू जात असणार. पण ते काही बोलत नसत. पिले मात्र ओरडत, "तात्या, झोका!" आणि कधी कधी, मागितला नसतानाही, तात्यांची पाठ जोरात हिंदकळे. सगळी पिले खिदळत एकमेकांवर कोसळत.

सारजा त्याच झोक्यांवर वाढली होती. मोठी झाल्यावर तिच्या वाट्याला मेलेल्यांना उचलून नेण्याचे काम आले. रोज सकाळी कामाला जाण्याआधी ती तात्यांच्या काखेखालून घास पुढे सरकवी आणि म्हणे, "तात्या, जेवून घ्या." त्या सकाळी ती वाकली, तर कालचा घास तिथेच होता.

तिला वास ओळखता येत होता. तिचा धंदाच तो. तरीही ती दोनदा म्हणाली, "तात्या, जेवून घ्या ना." मग तिथेच बसून ती रडली. बापासाठी रडली नव्हती इतकी रडली.

मेलेल्यांना ठेवायच्या त्या वारुळात दोन जागा होत्या. ज्यांना घरात मरण आले ते दक्षिणेकडच्या फोलकटांच्या ढिगावर जात. जे रणात पडले ते पळसाच्या मुळाशी. रणात पडल्याची खूण एकच मानली जाई : तोंडावर ओली जखम.

थोरले पंच आले. ते सरळ वृत्तीचे होते, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकत नसत.

"पंच, तात्यांना पळसाकडे न्यायचं," सारजा म्हणाली.

"सारजा, तुझा जीव तुटतो ते कळतं मला. पण चाळीस पावसाळ्यांत कुठलं रण बाई? म्हातारा झोपेत गेला. फोलकटांच्या ढिगावर जाईल, आणि आपण सगळे सोबत जाऊ."

"आणि हे दार?"

"दोन टोपल्या चिखल लिंपला की झालं. ओढा त्याला."

सहा जणांनी पाय धरून ओढले. तात्या हलेनात. आणखी सहा लागले तेव्हा डोके मातीतून सुटले आणि बोळात उजेड आला. चाळीस पावसाळ्यांत प्रथमच आला. त्या उजेडात सारजाने त्यांना हलकेच उताणे केले.

सगळे पुढे वाकले.

कपाळ असे काही उरलेच नव्हते. चाव्यावर चावा, व्रणावर व्रण. जुने काळे पडलेले, त्यांच्यावर तपकिरी, त्यांच्यावर लाल. एक मिशी मुळापासून गेलेली. एक डोळा कधीचा मिटलेला. दुसऱ्या डोळ्याच्या वर एक जखम अजून ओली होती, आणि तिच्यात तांबड्यांचा तुटलेला जबडा रुतलेला होता. सारजाला आपल्या लहानपणीचा एकेक झोका आठवला. तिने पुढे होऊन तो जबडा उपसून काढला आणि पंचांच्या पायाशी ठेवला.

पंचांनी मान खाली घातली. नगारे वाजले त्या वर्षी ते अंड्यात होते. आयुष्यातली एकेक निवांत झोप त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावी.

इतक्यात भोकातून एक तांबडी मिशी आत आली आणि हवा चाचपू लागली.

चिखलाच्या टोपल्या अजून दक्षिणेच्या दाराशीच होत्या. कुणाला काही सुचण्याआधी पंचच धावले आणि त्यांनी आपले डोके भोकात घातले. तात्यांच्या डोक्याएवढ्या त्या भोकात ते खड्यासारखे लहान पडले, चहूकडून उजेड तसाच येत राहिला. मग दुसरा धावला, मग तिसरा. नागोबा म्हणणाऱ्यांतला एक होता, तोही गेला. पाच झाले, सहा झाले. आठ डोकी एकमेकांना घट्ट भिडली तेव्हा कुठे बोळ अंधारला. लगेच पलीकडून पहिला धक्का बसला. आठही पाठी हादरून मागे आल्या, आणि पुन्हा पुढे गेल्या.

"सारजा," आतून पंचांचा दबलेला आवाज आला, "पळसाकडे ने त्यांना. सावकाश ने."

सारजाने तात्यांना उचलले. बोळाच्या वळणावर तिने मागे पाहिले. आठ जण पाय रोवून उभे होते, आणि तरीही दोन डोक्यांच्या मधून उजेडाची एक बारीक तिरीप आत येत होती. नववा मुंगळा तिकडे धावत निघाला होता.