परक्या खणातली मुंगी

एकदा एका वृद्ध कीटकतज्ज्ञाकडे एक व्यापारी तणतणत आला. गाव आल्प्स पर्वताच्या पायथ्याचे आणि व्यापार चीजचा. तळघरातले चीज कोणीतरी चोरत होते. व्यापाऱ्याचा संशय डोंगरापलीकडून आलेल्या मोलकरणीवर होता.

"उद्या तिला हाकलतो," तो म्हणाला. "ना आपल्या भाषेची, ना आपल्या गावची. तुम्ही नुसती मान डोलावलीत, तरी कोणी तिला दारात उभे करणार नाही."

"चोरताना पाहिलेत?"

"त्यात पाहायचे काय?"

संशयी माणसाला पुराव्याची गरज वाटत नाही. जवळ बसलेल्या शिष्यालाही ती खाली मान घालून चालणारी बाई पहिल्यापासून खटकत होती.

वृद्धाने जमवलेल्या मुंग्यांच्या कपाटाचा एक खण ओढला. त्यात टाचणीला एकच काळी मुंगी होती. ती उपटून त्याने शेजारच्या भरगच्च खणात, फरशीखाली घर करणाऱ्या साध्या मुंग्यांच्या रांगेत खोचली. गुरुजींना चळ तर लागला नाही ना, असे शिष्याला वाटले.

"गुरुजी, ही त्यांच्यातली नव्हे! ही तर त्यांच्या घरात शिरून फुकट खाणारी!"

"खाणारी खरीच," वृद्ध म्हणाला. "हिच्या जातीत कामकरी मुंग्याच नाहीत. त्या साध्या मुंग्या हिला भरवतात, हिची पिल्ले वाढवतात. इतकी ऐतखाऊ, इतक्या निराळ्या घडणीची, तेव्हा कुळीही निराळीच असणार, असे आम्हा शहाण्यांनी ठरवले आणि हिला वेगळा खण दिला. बारकाईने तपासल्यावर कळले की ही त्यांच्याच कुळीतली. तेवढ्याने तिचे फुकट खाणे सुटले असे नाही. पण लुबाडणारा परकाच असतो, ही आमची समजूत सुटली."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच घरातले कोणी?"

"मी मुंगीबद्दल बोललो. घर तुमचे तुम्ही पाहा."

"तळघराची किल्ली जावईबापूंकडेही असते," व्यापारी हळूच म्हणाला. "त्यांना कोणी विचारलेच नाही."

दुसऱ्या दिवशी मोलकरीण कामावर होती, त्यानंतरही राहिली. शिष्य तिला वाटेत भेटला, की शरमून आधी नमस्कार करू लागला. चोर कोण निघाला, हे मात्र त्या घराने कधी बाहेर कळू दिले नाही. मोलकरीण चोर निघाली असती, तर गावभर झाले असते.