मानधनाचं पाकीट

विद्यापीठात गुंतवणूक व्यवस्थापन शिकवणाऱ्या हेमलताबाईंच्या वर्गात एकदा कुलगुरूंचे पाहुणे उंडेसाहेब प्रात्यक्षिक द्यायला आले. म्हणाले, “जोखीम पुस्तकात! माझ्या योजनेत पैसे वर्षात दुप्पट, खात्रीने. परीक्षेची फी उद्या माझ्याकडेच द्या.”

मुलं भुलली. बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. देवीचं नाव घेऊन त्या साहेबांच्या मानधनाचं पाकीट हातात धरून उठल्या.

“साहेब, हे तुमचे पाच हजार. तुमच्याच योजनेत घालते. पुढच्या वर्षी दहा न्या!”

“छे छे, मॅडम!” साहेबांनी पाकिटावर झडपच घातली. “मला आजच द्या, रोख!”

बाई मुलांकडे वळल्या. “झालं हो प्रात्यक्षिक, बाळांनो.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची फी विद्यापीठाच्याच खिडकीवर भरली गेली. साहेब शिकवायला आले होते, ते शिकवूनच गेले म्हणायचं!