चाळीस सांध्यांची घंटा

फार मागे एक राज्य होतं. तिथे राजा होता, गढ्या होत्या आणि तारेतून धावणारी वीजही होती. ती कुठून आली ते विचारू नका. होती.

त्या राज्यात नदीकाठी एक गाव होतं. पाऊस दूर डोंगरात पडे आणि इथे लख्ख उन्हात नदी फुगे. आदल्या वर्षी एका धनगरणीच्या मेंढवाड्यातून अकरा मेंढरं वाहून गेली. उरली नऊ. वाडा नदीला लागून होता आणि दुसरी जागा तिच्याकडे नव्हती.

पंचांनी ठरवलं, पाणी खुणेच्या दगडाला लागताच आपोआप वाजेल अशी घंटा हवी. गावाबाहेर तारकाम जाणणारा एक म्हातारा राही. त्याच्याकडे दोघं शिकायला गेली. एक गावचा तांबट. दुसरी ती धनगरीण.

म्हाताऱ्याने चार सेलांची जुडी, दोन तारा आणि हरभऱ्याएवढा दिवा पुढे ठेवला. म्हणाला, "हा लावा."

तांबट हसला. "बाबा, मी हंडे-घागरी जोडणारा माणूस. हा पोरखेळ हिला द्या. मला घंटेचा नकाशा द्या."

म्हाताऱ्याने नकाशा दिला. मागेल त्याला तो देत असे.

धनगरणीने दिवा लावला. तो भपकन पेटला आणि काळा पडला.

"घ्या! पडला उजेड," तांबट म्हणाला.

म्हातारा तिला म्हणाला, "जळला ते बरं झालं. का जळला ते सांग."

तिने काळा पडलेला दिवा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "वाड्याचं दार मोठं ठेवलं की मेंढरं एकदम घुसतात. आतलं कोकरू तुडवलं जातं. इथेही दार अरुंद पाहिजे."

म्हाताऱ्याने तिला दुसरा दिवा आणि जोंधळ्याएवढा अडसर दिला. त्यातून वीज थोडी थोडीच जाई. तो मध्ये घालताच दिवा नीट लागला. त्या दिवशी तिने तो शंभरदा सोडून पुन्हा जोडला. तांबट तिला 'दिवेवाली' म्हणू लागला.

तांबटाने नकाशातले तारांचे चाळीस सांधे एका दिवसात केले. भांड्याला वितळलेल्या कथलाचा डाख दिला की ते पाण्यात बुडवायचं, ही त्याची रीत. इथेही प्रत्येक गरम सांध्यावर त्याने ओलं फडकं दाबलं. सांधे चांदीसारखे चमकले.

"एकेक तपासून घे," म्हातारा म्हणाला.

"तीस वर्षांत माझी घागर गळली नाही."

त्याची पितळी घंटा चावडीवर चढली. तिथून तारा नदीवरच्या खुणेच्या दगडापर्यंत नेल्या. तारांची दोन टोकं बोटभर अंतरावर. पाणी दोन्हींना लागलं की घंटा वाजावी. पंचांनी घागरभर पाणी ओतलं. वाजली. तांबटाला फेटा मिळाला.

धनगरीण महिनाभर खपली. एक सांधा केला की तो आपोआप निवू देई, मग दिवा लावून पाही. लागला तरच पुढचा. असे तेरा सांधे झाले. शेवटी दिव्याच्या जागी तिने एक इवलीशी घंटी जोडली आणि तारेची टोकं वाड्याखालच्या दगडाला बांधली.

तांबट बघायला आला. "दिवेवाली, ही कुणाला ऐकू जाणार? उंदराला?"

"मी वाड्यातच असते, दादा. मला ऐकू आली म्हणजे झालं."

एका दुपारी आभाळ निरभ्र होतं. चावडीवरची घंटा गप्प होती. वाड्यातली घंटी किणकिणली.

धनगरणीने दार उघडलं, नऊच्या नऊ मेंढरं टेकाडावर हाकलली आणि गावात धावली. "पाणी! पाणी!" लोक पोरंबाळं घेऊन वर पळाले. तांबट नदीकाठच्या भट्टीपाशी बसून होता.

"माझी घंटा वाजली नाही. पाणी कुठलं?"

तिने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. मागोमाग पाणी आत शिरलं. भाता गेला, भट्टी गेली, तीस वर्षांची हत्यारं गेली.

पूर ओसरल्यावर तांबट घंटेचं जोडकाम घेऊन म्हाताऱ्याकडे गेला.

"घाईने निववलेला एक सांधा आतून तडकला," म्हातारा म्हणाला. "उन्हात तापून सुटला."

"कोणता?"

"केलेस तू. तूच सांग."

तांबटाने चाळीस सांधे पाहिले. सगळे चमकत होते. त्याला सांगता येईना.

म्हाताऱ्याने त्याच्यापुढे सेलांची जुडी, दोन तारा आणि हरभऱ्याएवढा दिवा ठेवला. या वेळी तांबट हसला नाही. मांडी घालून बसला.

मेंढरं घेऊन धनगरीण दारावरून चालली होती. म्हणाली, "दादा, मध्ये अडसर घाला. नाहीतर पडेल उजेड."

तात्पर्य: ज्याला एक दिवा लावायची लाज वाटते, त्याला चाळीस सांध्यांत आपली चूक सापडत नाही.