तीन पंख्यांचं कार्ड

बजरंगराव बिल्डरांनी भर ऑफिसात, गिऱ्हाइकांसमोर, कॉम्प्युटरवाल्या तारळेकरबाईंना फैलावर घेतलं.

"तीन पंखे, सोळा जीबी, हजारो कोर! एवढं ग्राफिक्स कार्ड घालूनही पडद्यावर माझी इमारत बैलगाडीसारखी फिरतेय. माल बनावट आहे! तुमच्या दुकानाची पाटी उतरवतो. आणि कॉम्प्युटरचा डबा उघडायचा नाही, पुरावा आहे तो!"

बाई डब्यामागे डोकावल्या आणि गालात हसल्या.

"न उघडता चालवलं तर?"

"तर तुमची पाटी मी स्वतः पुसून चकचकीत करीन!"

बाईंनी पडद्याची वायर मदरबोर्डाच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ खोबणीतून उपसून खाली नव्या कार्डाला जोडली. इमारत भिंगरीसारखी फिरली.

"रावसाहेब, आचारी नामांकित आणलात, पण पान शेजारच्या पंगतीत मांडलंत. त्यानं वाढायचं कुठं?"

बजरंगरावांनी फडकं मागितलं.