न खेळणारी गाडी

टिपणीसकाका आमच्या सोसायटीचे चेअरमन, खुर्चीला गोचिडासारखे चिकटलेले. गाडी मुद्दाम पोरांच्या खेळायच्या जागेतच लावायचे. खेळताना चेंडू लागून पोरांमधल्या तेजूचा अर्धा दात तुटला, तेव्हा म्हणाले, "मैदानात उभं राहिलं की लागणारच. रडायचं काय त्यात?"

पुढच्याच रविवारी चेंडूने त्यांच्या गाडीची काच फुटली. लगेच मीटिंग! "आजपासून खेळ बंद!" बाकीचे म्हातारे नंदीबैलासारखे माना हलवत बसले.

अर्ध्या दाताची तेजू उठली. "काका, गाडी मैदानात उभी होती ना? मग लागणारच. रडायचं काय त्यात?"

काका भडकले. "कार्टे, गाडी काय खेळत होती का?"

"नव्हती ना? मग आमचा नियम आहे, जो खेळत नाही त्याने मैदानाबाहेर थांबायचं."

संध्याकाळी गाडी गेटबाहेर होती आणि तेजू बॅटिंगला.