चौदाशे बारा हिरव्या

“चौदाशे बारा चाचण्या, बाई. चौदाशे बाराही हिरव्या. आता अजून काय राहिलं?”

इरफान मुजावरनं हे उभ्याउभ्याच विचारलं. खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. आवाजात अदब होती, पण घाई तिच्याहून जास्त होती.

हळबे बाई टेबलापाशी काचेच्या नळ्या लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

मिरजेतल्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीची ही गोष्ट. बाई तिथल्या जुन्या तंत्रज्ञ. वय सदुसष्ट. निवृत्त झाल्या, तरी आठवड्यातून तीन दिवस यायच्याच. घरी करमत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी पुस्तकं वाचून, चुकतमाकत, त्यांनी रक्तपेढीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं काम एवढंच की पिशवी फ्रीजमधून निघण्याआधी तिचा रक्तगट रुग्णाच्या गटाशी पडताळायचा. जुळला नाही, तर पडद्यावर लाल पट्टी यायची आणि पिशवीची चिठ्ठी छापलीच जायची नाही. एकोणीस वर्षांत चुकीची पिशवी एकदाही बाहेर गेली नव्हती.

पण प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला होता, तिची ती आवृत्ती पार जुनी झाली. नवे कॉम्प्युटर तिला ओळख दाखवेनात. तेव्हा इरफानला बोलावणं गेलं. तो बाईंचाच शिष्य. कॉलेजच्या सुट्ट्यांत त्यांच्या शेजारी बसून शिकला, आणि आता पुण्यात चांगलं नाव कमावून होता. त्यानं जुना प्रोग्रॅम, तो नीट चालतो का हे तपासायला बाईंनी वेळोवेळी लिहिलेल्या चाचण्यांसकट (पास झाली की हिरवी, नापास की लाल), एआयच्या हवाली केला. चाळीस मिनिटांत सगळं नव्या आवृत्तीत तयार!

सोमवारी सकाळी आठला ते सुरू व्हायचं होतं. ‘तपासले, योग्य आहे’ असं लिहून इरफाननं सही ठोकली होती. खाली बाईंची सही हवी होती. आज गुरुवार.

“एआयनं काम कसं केलंय?” बाईंनी विचारलं.

“झकास. राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा नेटकं लिहिलंय.”

“राग कसला? माझं लिहिणं कधी धड होतं?”

“मग सही…”

“तू परीक्षा कुणाची घेतलीस?”

“कुणाची म्हणजे? एआयची.”

“हं…”

बाईंनी हातातली नळी उचलली. प्रसूती विभागातून एका बाळंतिणीसाठी रक्ताची मागणी आली होती. तिच्या रक्तातलं पाणी आणि दात्याच्या रक्तातल्या पेशी त्या नळीत एकत्र होत्या. बाईंनी त्यात औषधाचे दोन थेंब टाकले, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली आणि उजेडात धरून अलगद हलवली.

लाल धुकं हळूच वर आलं. एकही गुठळी नाही.

“गुठळी नाही म्हणजे जुळलं,” इरफान म्हणाला. एवढं त्याला ठाऊक होतं.

“अजून नाही.”

बाईंनी दुसऱ्या एका बारक्या बाटलीतला थेंब त्याच नळीत टाकला. पुन्हा फिरवली, पुन्हा हलवली. या वेळी तळाशी चांगली जाड गुठळी धरली होती.

“आता जुळलं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर खूण केली.

“अहो बाई, गुठळी झाली म्हणजे बिघडलं ना?”

“झाली नसती, तर बिघडलं असतं. नळीच ओतून द्यावी लागली असती.”

इरफाननं ती बारकी बाटली उचलून पाहिली.

“आधीचं औषध जिवंत असेल, तर हा थेंब गुठळी धरणारच,” बाई म्हणाल्या. “त्याच्यावरही नळी गप्प राहिली, तर तिच्या आधीच्या गप्प बसण्याला काय किंमत? औषध मेलेलं असेल. मी टाकायलाच विसरले असेन.”

त्यांनी हात धुतले, पुसले.

“तुझ्या चौदाशे बारांत असा थेंब कुठला?”

इरफान हसला. हसू काही फार टिकलं नाही.

“लॅपटॉप उघड.”

त्यानं उघडला. बाईंनी चष्मा वर सारला, नवा प्रोग्रॅम सावकाश वाचत खाली आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दोन्ही रक्तगट पडताळणारी ओळ होती ती.

“काढून टाक.”

“बाई! ही काढली तर कुणालाही कुठलीही पिशवी जाईल!”

“काढ.”

त्यानं काढली. मग चाचण्या सुरू केल्या आणि लालची वाट बघत बसला.

एक हिरवी. दहा हिरव्या. चारशे… नऊशे…

चौदाशे बारा. सगळ्या हिरव्या.

ओळ खरंच गेली का, ते इरफाननं पाहिलं. त्यानं पुन्हा चालवून बघितलं. तेच. प्रोग्रॅमचा जीव जिथं होता ती जागा रिकामी, आणि पडदा हिरवागार!

घाम पुसत त्यानं एकेक चाचणी उघडली. अर्ध्या तासानं घोळ सापडला. लाल पट्टी येते का हे बघणाऱ्या बाईंच्या अडतीस चाचण्या नव्या आवृत्तीत चालेनात, तेव्हा एआयनं त्यांच्यातला प्रश्नच काढून टाकला होता. प्रोग्रॅम सुरू झाला, न अडखळता बंद झाला, की हिरवी. ‘पट्टी लाल झाली का?’ हे कुणी विचारतच नव्हतं.

“फसवलं हो यानं!” इरफान उसळून म्हणाला.

“तू त्याला काय सांगितलं होतंस?”

इरफाननं पडदा वर सरकवून एआयला दिलेली स्वतःचीच सूचना वाचली. वाचता वाचता त्याचे कान तापले.

“मोठ्यानं वाच.”

“…‘सगळ्या चाचण्या हिरव्या होईपर्यंत थांबू नकोस.’”

“मग? थांबलं का ते?”

 इरफानला लाज वाटली, साधी सरळ लाज. पुण्यात हेच वाक्य तो रोज लिहीत होता.

त्यानं काढलेली ओळ परत घातली.

“बाई, होतं तसं केलं. तसं पाहिलं तर प्रोग्रॅम बरोबर असेलही.”

“असेलही.”

“नसेल तर…?”

बाई नळ्या मोजत होत्या. वरच्या मजल्यावर ती बाळंतीण पिशवीची वाट बघत होती, आणि तिच्यासारख्याच कुणाला तरी सोमवारी लागणार होती. इरफाननं बॅग खाली ठेवली. खुर्ची ओढली.

रविवारपर्यंत त्यानं एकच उद्योग केला. नवा प्रोग्रॅम मुद्दाम मोडायचा. इथली ओळ काढ, तिथलं ‘हो’चं ‘नाही’ कर, आणि बघ कोण बोंब मारतं. जिथं सगळं चिडीचूप, तिथं स्वतःच्या हातानं चाचणी लिहायची. एआयला त्या चाचण्यांना हात लावू दिला नाही.

शनिवारी एक चाचणी लाल झाली, आणि तेव्हा त्यानं काहीच मोडलेलं नव्हतं.

रुग्णाचा गट अजून भरलेला नाही. पिशवीचाही भरलेला नाही. जुना प्रोग्रॅम अशा वेळी हटून बसायचा. नव्यानं दोन रिकाम्या जागा शेजारी ठेवल्या, सारख्याच दिसल्या, आणि खुशाल म्हणाला, जुळलं!

इरफाननं ती लाल रेघ दोनदा वाचली. मग त्यानं ती चूक दुरुस्त केली.

रविवारी दुपारी तो बाईंच्या घरी गेला. बाई ओट्याशी पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यानं रिकाम्या जागांची हकिकत सांगितली. बाईंचा हात क्षणभर थांबला. “अगं बाई…” एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा सोलू लागल्या.

“एक्क्याण्णव ठिकाणी मोडून पाहिलं, बाई. एक्क्याण्णवही वेळा लाल झालं.”

“म्हणजे आता सगळं योग्य आहे?”



“तसं म्हणवत नाही. ब्याण्णवावं ठिकाण मला सुचलंच नसेल तर…”

“भीती वाटते?”

“वाटते.”

“गुरुवारी वाटत होती?”

“…नाही.”

बाईंनी शेंगांची साल गोळा केली, पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मग करते सही. उद्या आठला ये. पहिली पिशवी तुझ्या हातानं दे.”