घोयरूचा हिरवा गेला

एक होती बकू. एवढीशी. आबांच्या गुडघ्याएवढी. आणि एक होता घोयरू. बकूच्या तळहातावर मावायचा.

घोयरू म्हणजे घोयरा, सरड्याचा संथ भाऊ. शेपटीची गुंडाळी, चिमट्यासारखी बोटं. एक डोळा पुढे बघायचा, एक डोळा मागे. आणि अंग कसं? हिरवंगार. कोवळ्या पानासारखं.

कुंपण छाटताना तो खाली पडला. आबांनी उचलला. बकूनं टोपलीत ठेवला आणि सांगून टाकलं की हा माझा.

आबांच्या घरी एक रीत होती. आपण जेवायच्या आधी मुक्या जिवाला घास. गाईला घास, मनीला घास, कावळ्याला घास. बकूनं घोयरूचाही घास काढला. दूधभात. वर साखरेची चिमूट. असा मऊ कालवला, एक शीत टोचायचं नाही.

घोयरूनं या डोळ्यानं बघितलं. त्या डोळ्यानं बघितलं. दूधभात हलेना. घोयऱ्याची जात अशी, की हलेल तेच खाणार. घोयरू उपाशी राहिला.

दुसऱ्या दिवशी दूधभात. तिसऱ्या दिवशी दूधभात. साखर जरा जास्त.

घोयरूचा हिरवा गेला. आधी पिवळा झाला. मग राखेसारखा झाला. बकू तिन्ही दिवस रडत राहिली. मुळुमुळु, मुळुमुळु. आबांना काही सुचेना. तेही बसून राहिले.

घोयरूनं विचार केला, बसून काय होणार? टोपलीतून उतरला. एक पाय उचलला, डुलला. दुसरा पाय उचलला, डुलला. डुगू डुगू, डुगू डुगू.

परसात होता नाकतोडा.

"नाकतोड्या नाकतोड्या, जवळ ये.
माझा हिरवा गेला."

नाकतोडा वाळक्या काडीसारखा झाला होता. म्हणाला, "मला खाऊन काय मिळणार? माझंच पोट रिकामं. वाळका खाशील, वाळका होशील. जायचं तर मी भरल्या पोटी जाईन. आधी मला पान दे, मग मी येतो."

घोयरू निघाला. डुगू डुगू, डुगू डुगू.

मांडवावर होता भोपळ्याचा वेल.

"वेला वेला, पान दे.
पान नाकतोड्याला,
नाकतोडा मला.
माझा हिरवा गेला."

वेलाची पानं मान टाकून लोंबत होती. वेल म्हणाला, "माझाच घसा कोरडा, तुला कुठून पान देऊ? आधी मला पाणी दे, मग मी पान देतो."

घोयरू निघाला. डुगू डुगू, डुगू डुगू.

मळ्यात होता पाट.

"पाटा पाटा, पाणी दे.
पाणी वेलाला,
पान नाकतोड्याला,
नाकतोडा मला.
माझा हिरवा गेला."

पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध. बांधाच्या पलीकडे पाणी, डुबुक डुबुक. अलीकडे कोरडं ठाक. पाट म्हणाला, "पाणी आहे रे, पण वाट कुठे आहे? तीन दिवस झाले, आबा इकडे फिरकले नाहीत. आधी मला फावडं दे, मग मी पाणी देतो."

घोयरू निघाला. आता पाय थरथरत होते. डुगू... डुगू... डुगू... डुगू...

ओसरीवर होते आबा. फावडं भिंतीला टेकलेलं.

"आबा आबा, फावडं द्या.
फावडं पाटाला,
पाणी वेलाला,
पान नाकतोड्याला,
नाकतोडा मला.
माझा हिरवा गेला."

आबा म्हणाले, "आलास होय रे, दोन दिशांना बघणाऱ्या? तुझ्यापायी माझी नात तीन दिवस रडते आहे. तिचं रडं ऐकलं की माझे हात गळतात. आधी मला बकूचं हसू दे, मग मी फावडं घेतो."

घोयरू निघाला. डुगू... थांबला. डुगू... थांबला.

घरात होती बकू. मांडीवर दूधभाताची वाटी. घोयरू तिच्या गुडघ्यावर चढला.

"बकू बकू, हसू दे.
हसू आबांना,
फावडं पाटाला,
पाणी वेलाला,
पान नाकतोड्याला,
नाकतोडा मला.
माझा हिरवा गेला."

बकू म्हणाली, "कुठून देऊ हसू? मी रोज कालवते आणि तू रोज तसंच ठेवतोस. माझा घास तुला नको."

"तुझा घास गोड आहे, बकू. पण तो हलत नाही. मला टुणकन उडणारं लागतं. पान खाल्लेलं, पोट भरलेलं."

"मग मी नाकतोडा टोपलीत आणते."

"वेल येईल टोपलीत? पाट येईल?"

बकूनं टोपलीकडे बघितलं. टोपली केवढी, वेल केवढा. पाट तर केवढा लांब. नाही मावणार.

बकूला कळलं. कळलं म्हणून आणखी रडू आलं. डोळे पुसले. पुन्हा भरले. पुन्हा पुसले. मग तिनं घोयरूला उचललं, मांडवाशी नेलं आणि वेलावर ठेवलं. चिमट्यासारखी बोटं तिच्या करंगळीला धरून बसली होती. ती एकेक करून सोडवली.

आणि आबांकडे बघून हसली. एवढंसं. ओल्या तोंडानं.

बकूचं हसू आबांना. आबा उठले.
आबांचं फावडं पाटाला. खच् खच्, खच् खच्.
पाटाचं पाणी वेलाला. खळखळ, खळखळ.
वेलाचं पान नाकतोड्याला. कुटुकुटु, कुटुकुटु.

नाकतोड्याचं पोट टम्म भरलं. तो आला. टुण् टुण् टुण्. घोयरूच्या समोर बसला.

घोयरूची जीभ सटकन गेली. सटकन आली.

नाकतोडा नव्हता.

बकूला त्याचंही वाईट वाटलं. आबा म्हणाले की वाटू दे बाळा, कुणाला तरी वाटायलाच हवं.

मग घोयरूची बोटं हिरवी झाली. शेपटी हिरवी झाली. पोट हिरवं, पाठ हिरवी, डोकं हिरवं. घोयरू सगळाच्या सगळा हिरवा झाला. पानासारखा.

आणि दिसेनासा झाला.

बकूनं शोधलं. हे पान की घोयरू? पान. ते पान की घोयरू? तेही पानच. एक पान डुललं, डुगू डुगू. बकू धावली. वारा होता.

आता बकू रोज सकाळी वेलावर पाणी शिंपडते. टप् टप्, टप् टप्. पानापानावर थेंब बसतात. सगळे थेंब चमकत राहतात. एकच थेंब, कुठल्या तरी पानावरचा, हळूच नाहीसा होतो.

बकू हाक मारत नाही. हात लावत नाही. नुसती उभी राहते.

पाणी वेलात, घोयरू पानात, गोष्ट तुमच्या कानात.